दहा लाखांतला एक कण

चंद्रपूरच्या उन्हाची ओळख महाराष्ट्राला करून द्यावी लागत नाही. होळी होते न होते तोच पारा चाळिशीकडे सरकतो आणि नवतपा लागला की ४५ अंशांच्याही वर जातो. याच तापलेल्या दिवसांत एखाद्या दुपारी आभाळ काळवंडते, धुळीचे लोट उडवत वारा सुटतो आणि पत्र्यांवर ताडताड गारा आपटू लागतात. बोराएवढ्या, कधी लिंबाएवढ्या. गहू कापणीला आलेला असतो, हरभऱ्याचे ढीग उघड्यावर असतात, मिरची वाळत घातलेली असते, गडचिरोलीच्या जंगलात मोहफुलांची वेचणी चालू असते. दहा-पंधरा मिनिटांत वर्षाचा हिशेब कोलमडतो. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ-मराठवाड्यात ठिकठिकाणी अशा गारा पडत राहिल्या, तेव्हा उभ्या राज्याने हे नुकसान पाहिले.

ज्या जमिनीवर भरदुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही, तिच्या डोक्यावर बर्फ तयार होतो कसा? ‘वर थंडी असते’ हे नेहमीचे उत्तर खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे उत्तर हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांपाशी आहे. ते कण इतके विरळ असतात की त्यांची मोजदाद करण्यात शास्त्रज्ञांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या.

शून्य अंशाला पाणी गोठतेच असे नाही

आधी थंडीचा हिशेब. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी निवते. जमिनीलगत ४२ अंश तापलेली चंद्रपूरची हवा साडेतीन-चार किलोमीटर चढली, की तिचे तापमान दोन ते सात अंशांवर येते. ढगाचा तळ तिथेच कुठेतरी बांधला जातो. शून्य अंशाची पातळी या दिवसांत साधारण साडेचार ते पाच किलोमीटरवर असते. म्हणजे उन्हाळी ढगाचा तळ शून्याच्या जवळ असतो आणि त्याचा जवळजवळ सगळा देह त्याहून थंड हवेत उभा असतो. माथा १२-१४ किलोमीटरवर गेला, तर तिथले तापमान उणे ५० अंशांखाली असते. पावसाळी ढगाची गोष्ट वेगळी. त्याचा तळ जमिनीपासून जेमतेम किलोमीटरभर असतो आणि शून्याची पातळी साडेपाच किलोमीटरवर, त्यामुळे त्याचा मोठा भाग उबदारच राहतो. उन्हाळ्यातला ढग कमी पाऊस आणि जास्त गारा का देतो, याचे एक कारण या उंचीच्या फरकात आहे.

पण थंडी असली म्हणून बर्फ होईलच असे नाही. ढगातला थेंब १०-२० मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नासावा ते शंभरावा भाग एवढा असतो. असा शुद्ध पाण्याचा थेंब उणे ५, उणे १०, अगदी उणे ३० अंशांतही द्रवच राहू शकतो. सुमारे उणे ३८ अंशांपर्यंत खाली गेल्यावर मात्र तो आपोआप गोठतो. शून्याखाली असूनही न गोठलेल्या अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात. घरातल्या बर्फाच्या ट्रेमध्ये हे सहसा दिसत नाही, कारण त्या पाण्यात आणि भांड्याच्या कडांवर अशुद्धी भरपूर असते.

हे पाणी अडून का राहते? बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत ठरावीक जागी बसलेले असतात. द्रव पाण्यात ते सतत हलत असतात. हलता हलता दहा-वीस रेणू योगायोगाने नीट मांडणीत येतात, पण एवढासा पुंजका टिकत नाही, लगेच मोडतो. तो एका विशिष्ट आकारापेक्षा मोठा झाला तरच टिकतो आणि झपाट्याने वाढतो. तापमान जितके कमी, तितका लहान पुंजका पुरतो. उणे ३८ अंशांच्या आसपास हा आकार इतका लहान होतो, की थेंबात तो आपोआप जमून जातो.

खडीसाखर करताना घट्ट पाकात दोरा सोडतात. साखर पाकात असतेच, पण तिला जमायला जागा लागते, ती दोरा देतो. ढगात हे काम हवेतला एखादा घन कण करतो. थेंबात पडलेल्या कणाच्या पृष्ठभागाची ठेवण बर्फाच्या जाळीला सोयीची असेल, तर रेणू त्याला टेकून मांडणीत येतात आणि उणे ३८ ऐवजी उणे २०, उणे १० किंवा उणे ५ अंशांतच थेंब गोठतो. अशा कणाला हिमकेंद्रक म्हणतात. दोऱ्याशी त्याचे साम्य इथेच संपते. दोरा कुठलाही चालतो, हिमकेंद्रक मात्र फार थोडे कण होऊ शकतात. जंगलातल्या स्वच्छ हवेतही एका लिटरमध्ये दहा-दहा लाख कण असतात. त्यातला उणे २० अंशांना बर्फ सुरू करू शकणारा कण साधारण एक.

एका गोठलेल्या थेंबाने काय होते?

फार होते. बर्फाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सहज सुटत नाहीत, द्रव पाण्यावरून ते अधिक सहज सुटतात. त्यामुळे अतिशीत थेंबांच्या गर्दीत एखादा हिमस्फटिक तयार झाला, की थेंबांमधून बाष्प उडत राहते आणि स्फटिकावर येऊन बसते. थेंब आटतात, स्फटिक वाढतो. जड झाला की खाली येऊ लागतो, वाटेत थेंबांना धडकतो, ते त्याच्यावर आदळताक्षणी गोठतात. खाली उबदार हवेत वितळला तर टपोरा पाऊस. जोरदार ऊर्ध्वगामी वाऱ्याने पुन:पुन्हा वर उचलून धरला, तर गार. पावसाचा दोन मिलिमीटरचा एक थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख थेंब लागतात हे लक्षात घेतले, तर बर्फाच्या या वाटेचे महत्त्व कळते.

विजेची सुरुवातही इथूनच. ढगात उणे १० ते उणे २० अंशांच्या पट्ट्यात हलके हिमस्फटिक आणि थेंब गोठून जड झालेले गारकण एकमेकांवर आपटतात, तेव्हा विद्युतभाराची देवाणघेवाण होते. हलके स्फटिक वर जातात, जड कण खाली राहतात, भार वेगळे होतात आणि वीज चमकते. मृगाच्या तोंडावर पूर्व विदर्भात वीज पडून शेतकरी आणि गुराखी दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्या विजेचे मूळ कित्येक किलोमीटर उंचीवरच्या बर्फात असते.

स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ टोर बर्गेरॉन यांना ही प्रक्रिया सुचली ती जंगलात. १९२२ च्या हिवाळ्यात ओस्लोजवळच्या वोक्सेनकोलेन इथल्या झाडीतून फिरताना त्यांना दिसले, की तापमान शून्याच्या वर असले की धुके झाडांमधून जमिनीपर्यंत उतरते आणि कडाक्याची थंडी असली की झाडांच्या उंचीवरच थांबते. फांद्यांवर साचलेला हिम धुक्यातले बाष्प ओढून घेत असणार, असे त्यांनी ताडले. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९११ मध्येच या दिशेने लिहिले होते आणि पुढे वाल्टर फिंडायझेन यांनी ती मांडणी पक्की केली. आज या प्रक्रियेला तिघांचीही नावे आहेत.

हिमकेंद्रके मोजण्याची गोष्ट मात्र एका फ्रीझरपासून सुरू होते. १९४६ च्या जुलैमध्ये अमेरिकेत स्केनेक्टडी इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर आतून काळे मखमल लावलेल्या फ्रीझरमध्ये श्वास सोडून छोटे ढग तयार करत होते. थेंब शून्याखाली जात, पण बर्फ होत नव्हता. एका उकाड्याच्या दिवशी फ्रीझर पुरेसा गार होईना, म्हणून त्यांनी आत कोरड्या बर्फाचा तुकडा टाकला आणि क्षणात दिव्याच्या झोतात असंख्य हिमस्फटिक चमकू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे सहकारी बर्नार्ड व्होनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइड शोधले. त्याच्या स्फटिकाची रचना बर्फाशी मिळतीजुळती आहे. कृत्रिम पावसाच्या विमानांवर आजही तेच जाळले जाते.

मोजायचे कसे?

हिमकेंद्रक नुसते पाहून ओळखता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली धुळीचे दोन कण सारखे दिसतात, त्यातला एक उणे १५ अंशांना बर्फ सुरू करतो, दुसरा उणे ३० पर्यंत काहीच करत नाही. म्हणून मोजण्याचा एकच मार्ग उरतो. कणाला ढगासारख्या परिस्थितीत न्यायचे आणि त्याच्यावर बर्फ होतो का ते पाहायचे.

ऑस्ट्रेलियातले ई. के. बिग यांनी १९५० च्या दशकात यासाठी एक साधी पेटी वापरली. पेटीतली हवा थंड करून आत ढग करायचा आणि तळाशी साखरेच्या अतिशीत द्रावणाचा ट्रे ठेवायचा. ढगात झालेले सूक्ष्म हिमस्फटिक द्रावणात पडले, की डोळ्यांना दिसण्याइतके वाढतात. मग ते बोटाने मोजायचे. या पेटीने अनेक देशांत वर्षानुवर्षे मोजमापे झाली.

आज प्रत्यक्ष जागेवर वापरले जाणारे प्रमुख यंत्र अधिक शिस्तीचे आहे. त्यात एकात एक बसवलेली धातूची दोन उभी नळकांडी असतात. त्यांच्या समोरासमोरच्या भिंतींवर बर्फाचा पातळ थर चढवतात आणि दोन्ही भिंती वेगवेगळ्या तापमानाला ठेवतात. मधल्या फटीत त्यामुळे हवा बर्फाच्या दृष्टीने अतिसंपृक्त होते, म्हणजे तिच्यात मावते त्यापेक्षा जास्त बाष्प असते. या फटीतून बाहेरची हवा एका पातळ पदरासारखी सोडतात. ती काही सेकंदांतच बाहेर पडते, पण तेवढ्यात हिमकेंद्रकावर बसलेला बर्फ काही मायक्रॉनचा होतो. तळाशी प्रकाशकिरण असतो. मोठा कण आडवा आला की प्रकाश जास्त विखुरतो आणि यंत्र ‘एक’ नोंदवते.

यंत्र देखणे आहे, पण त्याच्या दोन मर्यादा जंगलात फार जाणवतात. पहिली, ते मिनिटाला लिटर-दीड लिटर हवाच तपासते. लिटरमध्ये एकच हिमकेंद्रक असेल तर मिनिटाला एखादी नोंद होते आणि उणे १० अंशांना, जिथे ही संख्या आणखी शंभर पटींनी घटते, तिथे तासाला एखादी. दुसरी मर्यादा जास्त बोचरी आहे. मूळचाच मोठा कण बर्फ समजून मोजला जाऊ नये, म्हणून सुमारे अडीच मायक्रॉनहून मोठे कण आत शिरण्यापूर्वीच गाळून टाकतात. बुरशीचे बीजाणू, पानांचे चुरे, परागकण यांतले बरेच काही त्या गाळणीतच राहते. सागाच्या आणि बांबूच्या रानात नेमके तेच मोजायचे असते.

म्हणून दुसरी, जुनी आणि स्वस्त पद्धत आजही टिकून आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत वायोमिंग विद्यापीठात काम केलेले गाबोर व्हाली यांनी १९७१ मध्ये तिचे गणित पक्के केले. पंपाने हवा ओढून एका बारीक गाळणीतून जाऊ द्यायची, कण गाळणीवर साचतात. ती गाळणी शुद्ध पाण्यात खळखळून धुवायची. ते पाणी प्लास्टिकच्या तबकातल्या ९६ छोट्या खळग्यांत थोडे थोडे भरायचे आणि तबक मिनिटाला एक अंश या संथ गतीने थंड करत न्यायचे. वर कॅमेरा. खळग्यातले पाणी गोठले की ते अपारदर्शक होते आणि कोणत्या तापमानाला किती खळगे गोठले याची नोंद राहते. कोविडच्या काळात आरटी-पीसीआर चाचणीसाठी वापरली गेलेली ९६ खळग्यांची तबके अनेकांना आठवत असतील, ती इथे चालतात.

[चौकट]
एका गाळणीचा हिशेब

समजा, पंप मिनिटाला १० लिटर हवा ओढतो आणि तो २४ तास चालवला. गाळणीतून १४,४०० लिटर हवा गेली. गाळणी १० मिलिलिटर पाण्यात धुतली आणि ९६ खळग्यांत प्रत्येकी ०.०५ मिलिलिटर पाणी भरले. उणे १२ अंशांपर्यंत ४८ खळगे गोठले.

मग हिमकेंद्रके ४८ का? नाही. एखाद्या खळग्यात दोन-तीनही पडली असतील, पण खळगा एकदाच गोठतो. म्हणून हिशेब न गोठलेल्या खळग्यांवरून करतात. निम्मे खळगे कोरे राहिले, तर संभाव्यतेच्या नियमाने दर खळग्यामागे सरासरी ०.६९ हिमकेंद्रके येतात. ९६ खळग्यांत मिळून सुमारे ६६.

म्हणजे मिलिलिटरमध्ये जवळपास १४, पूर्ण १० मिलिलिटरमध्ये सुमारे १४०. ती १४,४०० लिटर हवेतून आली. उत्तर : उणे १२ अंशांना काम करणारे हिमकेंद्रक शंभर लिटर हवेमागे एक.
[चौकट समाप्त]

या पद्धतीत खरी मेहनत स्वच्छतेची आहे. प्रयोगशाळेतले अतिशुद्ध पाणीही एवढ्या मोठ्या खळग्यात उणे २०-२५ अंशांच्या आसपास गोठू लागते, कारण पाण्यात नाही तर प्लास्टिकवर कुठेतरी एखादा कण असतोच. म्हणून प्रत्येक वेळी एक कोरी गाळणी रानात नेतात, पंपाला लावतात, हवा न ओढता परत आणतात आणि तीही तशीच धुऊन तपासतात. जे कोऱ्या गाळणीतही सापडते ते हवेतले नव्हे, हाताळणीतले. ही वजाबाकी न करता छापलेल्या आकड्याला अर्थ नाही.

कण कशाचा आहे हेही याच पाण्यातून कळते. उरलेले पाणी ९५ अंशांना वीसेक मिनिटे तापवायचे आणि पुन्हा गोठवून पाहायचे. जिवाणू आणि बुरशी यांच्यात बर्फ सुरू करणारा पदार्थ मुख्यतः प्रथिनांचा असतो. तापवल्यावर प्रथिनांची घडी मोडते आणि त्यांची करामत संपते. मातीच्या कणांवर एवढ्या उष्णतेचा फारसा परिणाम होत नाही. तापवण्याआधी उणे ८ अंशांना गोठणारे पाणी तापवल्यावर उणे १५ पर्यंत द्रव राहिले, तर ते हिमकेंद्रक सजीवांकडून आले होते असे समजायचे.

पालापाचोळ्याचा धागा

व्हालींचे विद्यार्थी रसेल श्नेल यांनी या पद्धतीने माती तपासली, मग कुजणारी पाने. पानांच्या पाण्याने सगळ्यांना चकित केले. ते उणे ५ अंशांच्याही आधी गोठत होते, धुळीच्या कणांना ज्यासाठी आणखी दहा अंश तरी खाली जावे लागते. १९७२ मध्ये हा निष्कर्ष ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी लिरॉय माकी आणि सहकाऱ्यांनी कुजणाऱ्या आल्डरच्या पानांतून त्यामागचा जिवाणू वेगळा काढला, स्यूडोमोनास सिरिंगी. त्याच्या बाह्यपटलावरच्या प्रथिनाची ठेवण अशी असते, की पाणी उणे २ अंशांनाही गोठू शकते. हाच जिवाणू थंड प्रदेशात पिकांवर दव गोठवून नुकसान करतो आणि स्कीइंगच्या उतारांवर कृत्रिम बर्फ पाडायलाही त्याची पूड वापरतात.

श्नेल पुढे केनियातल्या केरिचोला गेले. चहाच्या मळ्यांचा हा डोंगराळ भाग जगात सर्वाधिक गारा पडणाऱ्या भागांपैकी आहे. चहाच्या झाडांखाली साचलेल्या पाल्यात त्यांना भरपूर हिमकेंद्रके सापडली. मळ्यात काम करणाऱ्यांच्या पायांनी पाला तुडवला जातो, चुरा हवेत उडतो आणि वर चढणाऱ्या हवेबरोबर ढगात पोहोचतो, अशी मांडणी त्यांनी १९८२ मध्ये केली.

मात्र याच संशोधकांनी जगभरचा पाला तपासला, तेव्हा थंड प्रदेशांतला पाला उष्ण प्रदेशांतल्या पाल्यापेक्षा सरस ठरला. म्हणून ‘विदर्भात पानगळ होते, सबब गारा पडतात’ असे म्हणणे घाईचे होईल. साग, ऐन, धावडा, तेंदू यांच्या पाल्याची चाचणी घेऊनच ते सांगता येईल.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या हवेत काय तरंगते?

हा भाग अभ्यासासाठी इतका मोलाचा का, ते इथे कळते. गडचिरोलीचा जवळपास ७० टक्के भाग जंगलाखाली आहे, चंद्रपूरचा एक तृतीयांशाहून अधिक. कोरड्या पानगळीच्या या जंगलात हिवाळा सरताना पाला उतरू लागतो आणि उन्हाळ्यात जमीन त्याने झाकून जाते. मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. वनखाते जाळरेषा आखते, तरी वणवे लागतातच.

वणव्याच्या धुरातली काजळी स्वतः चांगली हिमकेंद्रक नाही, हे प्रयोगशाळांनी दाखवले आहे. ढगाच्या माथ्याच्या थंडीपर्यंत ती बहुधा निष्क्रियच राहते. पण आगीचा जोरदार झोत माती, राख आणि अर्धवट जळालेला पाला वर उचलतो. अमेरिकेत वणव्यांच्या आणि मुद्दाम लावलेल्या आगींच्या धुरात केलेल्या मोजमापांत काही आगींत हिमकेंद्रके वाढलेली आढळली, काहींत नाही. काय जळते आणि कसे जळते यावर ते अवलंबून आहे.

दुसरा स्रोत कोळशाचा. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे, वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणी आहेत आणि भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मुळातच जास्त. इंग्लंडमधल्या लीड्स आणि जर्मनीतल्या लाइपझिग इथल्या प्रयोगांत कोळशाची उडती राख बर्फ सुरू करू शकते असे दिसले आहे. राख कोरडी उडते की पाण्यात भिजून येते, यानुसार तिची ताकद बदलते. चिमणीतून निघणारी राख आणि राखेच्या तलावावरून उन्हाळ्यात उडणारी राख म्हणूनच वेगवेगळी तपासावी लागेल.

तिसरी माती. २०१३ मध्ये लीड्सच्याच संशोधकांनी दाखवले, की धुळीतल्या खनिजांत पोटॅश फेल्डस्पार सर्वांत प्रभावी हिमकेंद्रक आहे. पश्चिम महाराष्ट्राचा बेसॉल्ट या खनिजाच्या बाबतीत गरीब. गडचिरोली आणि पूर्व चंद्रपूरच्या प्राचीन ग्रॅनाइट-नाइस खडकांत ते सर्रास असते. शिवाय उन्हाळ्यात पश्चिमेकडून येणारे वारे थरच्या वाळवंटाची धूळ आणतात ती निराळी. पाला, वणवा, राख आणि फेल्डस्पार असलेली माती, चारही गोष्टी इथे शंभर-दीडशे किलोमीटरच्या टापूत एकत्र आहेत.

पाऊस सुरू झाल्यावरही ही गोष्ट थांबत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोच्या पाइन जंगलात २०११ मध्ये मोजणी झाली, तेव्हा पावसाच्या सरीबरोबर हवेतले बीजाणू आणि त्यांच्याबरोबर हिमकेंद्रके वाढताना दिसली. थेंबांचा मार पानांवरचे आणि जमिनीवरचे कण उसळवतो. ॲमेझॉनच्या जंगलात २००८ मध्ये मिळालेले उत्तरही असेच बोलके होते : ढगाच्या कमी थंड भागात जंगलातले जैविक कण पुढे, अधिक थंड भागात समुद्रापलीकडून आलेली सहाराची धूळ पुढे.

महाराष्ट्रातले काम

ढगांचा अभ्यास महाराष्ट्राला नवा नाही. पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था १९६२ पासून काम करते आहे. बारामतीच्या परिसरात तिने ११ पावसाळे ढगांत मिठाची पूड फवारून प्रयोग केले आणि सुमारे २४ टक्के पाऊसवाढ नोंदवली. तो प्रयोग उबदार ढगांचा होता, बर्फाचा त्यात संबंध नव्हता. २००९ मध्ये ‘कायपीक्स’ ही मोहीम सुरू झाली. उपकरणांनी सजवलेली विमाने थेट ढगांत शिरून थेंब, हिमस्फटिक आणि कण मोजू लागली. हवेत कण जास्त असले की थेंब पुष्कळ पण बारीक होतात, ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि पाऊस सुरू व्हायला ढगाला आणखी उंच जावे लागते, हे या उड्डाणांतून आकड्यांनिशी समोर आले. धुराने भरलेल्या हवेतला ढग म्हणूनच बर्फाच्या प्रदेशात जास्त पाणी घेऊन पोहोचतो.

२०१२ पासून महाबळेश्वरला संस्थेची ढग-भौतिकीची प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात ढगच तिच्या खिडकीशी येतात, विमान लागत नाही. पुढे सोलापूर हे कायपीक्सचे केंद्र झाले. मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातल्या सिलखेडा इथेही आता मान्सूनच्या गाभ्याच्या पट्ट्यासाठी संशोधन केंद्र उभे राहिले आहे. पण घाटमाथ्यावरचे पावसाळी ढग बुटके आणि बहुतेक उबदार, सोलापूर पर्जन्यछायेत. चंद्रपूरचा मार्च-एप्रिलमधला १२ किलोमीटर उंचीचा ढग या दोन्हींहून वेगळा प्राणी आहे.

राज्य सरकारने २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोगही केले. सिल्व्हर आयोडाइड पेरणे म्हणजे ढगात हिमकेंद्रके कमी आहेत असे गृहीत धरणे. ती आधीच पुरेशी असतील तर आणखी पेरून काही साधत नाही. हवेतली हिमकेंद्रके मोजण्याचा खर्च पेरणीच्या एका उड्डाणापुढे किरकोळ आहे, म्हणून तो आधी करायला हवा.

कण वाढले की गारा वाढतात का?

इतके सरळ नाही. हिमकेंद्रके थोडी असतील तर थोड्या गारांना सगळे पाणी मिळते आणि त्या मोठ्या होतात. ती खूप असतील तर पाण्याची वाटणी होते, गारा पुष्कळ पण लहान राहतात आणि खाली येताना वितळण्याची शक्यता वाढते. याच आशेवर सोव्हिएत संघात आणि अमेरिकेत ढगांत सिल्व्हर आयोडाइड पेरून गारा रोखण्याचे प्रयोग झाले. १९७७ ते १९८१ दरम्यान स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या काटेकोर चाचणीत मात्र तसा फायदा दिसला नाही.

आणखी एक गुंता आहे. ढगातल्या हिमस्फटिकांची संख्या हिमकेंद्रकांपेक्षा शेकडो पटींनी जास्त असू शकते. जॉन हॅलेट आणि स्टॅनली मॉसॉप यांनी १९७४ मध्ये दाखवले, की उणे ३ ते उणे ८ अंशांच्या दरम्यान गारकणावर आदळून गोठणारे थेंब बर्फाच्या बारीक किरचा उडवतात आणि प्रत्येक किरच नवा स्फटिक होते. मग पहिल्या हिमकेंद्रकाला महत्त्व काय? सुरुवात त्याच्याशिवाय होत नाही. आणि ती सुरुवात उणे ६ अंशांना झाली तर किरचांचा हा गुणाकार लगेच सुरू होतो, उणे २० ला झाली तर गारकण खाली येईपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून ‘किती’ इतकेच ‘कोणत्या तापमानाला’ हेही मोजायचे असते. अमेरिकेत मोन्टाना राज्यात गोळा केलेल्या गारा थराथराने तपासल्या, तेव्हा त्यांच्या गाभ्यात बाहेरच्या थरांपेक्षा जास्त जिवाणू सापडले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचे संशोधक, गारेची सुरुवात जैविक कणापासून होत असावी, असे मानतात.

गाळणी कुठे लावावी?

चंद्रपूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांपैकी एक आहे. तिथे हवेतली धूळ मोजण्यासाठी नियमित गाळण्या लावल्या जातातच. त्यांच्या शेजारी एक बारीक छिद्रांची वेगळी गाळणी आठवड्यातून एकदा लावणे अवघड नाही. दुसरी ताडोब्याच्या कडेला मोहर्लीत, तिसरी गडचिरोलीत आलापल्ली किंवा भामरागडच्या रानात. गाळण्या कोरड्या आणि थंड ठेवून पुण्याला पाठवता येतील. खळग्यांचे तबक, नियंत्रित शीतपट्टी आणि कॅमेरा एवढी सामग्री तर गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ स्वतःही उभी करू शकेल. हे विद्यापीठ २०११ मध्ये याच दोन जिल्ह्यांसाठी स्थापन झाले. डिसेंबरपासून जूनपर्यंत सलग नोंद झाली, तर पानगळ, मोहाचा हंगाम, वणवे, तेंदूची तोडणी आणि पहिला पाऊस या प्रत्येक टप्प्याला आकडा कसा बदलतो ते कळेल. अशी मालिका एका वर्षाची पुरणार नाही, निदान तीन वर्षांची हवी. त्या काळात पडणाऱ्या गारपिटीच्या आणि ‘दामिनी’ ॲपमागच्या वीजजाळ्याच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की या भागातल्या ढगांबद्दल अंदाजाऐवजी पुराव्याने बोलता येईल.

वाचकांनाही यात हातभार लावता येईल. गारपीट झाली, तर वादळ आणि विजा पूर्ण थांबल्यावरच बाहेर जावे. स्वच्छ, कोऱ्या प्लास्टिकच्या पिशवीने, हात न लावता काही मोठ्या गारा उचलाव्यात आणि लगेच फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. पिशवीवर गाव, तारीख, वेळ आणि सर्वांत मोठ्या गारेचा आकार लिहावा, आणि जवळच्या विज्ञान महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्र विभागाला ते कळवावे.